माठाजवळचा पहारा

आमच्या घरी चहा गोड लागला नाही तर पहिला संशय वाण्यावर जायचा, दुसरा दूधवाल्यावर आणि तिसरा आईवर. साखर घालायचीच राहिली असेल, हे सगळ्यात शेवटी सुचायचं, आणि सुचलं तरी कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यातलं ते घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, मागे अंगण, अंगणाच्या कोपऱ्यात न्हाणी. आजी पुढच्या खोलीत दाराशी पाट टाकून बसायची आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक सायकलच्या घंटीवर तिचा काही ना काही वहीम असायचा. "हा दुसऱ्यांदा गेला. काहून गेला?" बाबा सरकारी कचेरीत होते. सही नसलेल्या कागदावर विश्वास ठेवू नये आणि सही असलेल्यावर तर मुळीच ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. आम्ही रायपुरात कधी आलो, कुठून आलो, ते मी सांगत बसत नाही. तो माझ्या थोरल्या काकांचा विषय होता, आणि ते सांगायला लागले की आम्हाला तेही खरं वाटत नसे.

अशा घरात मी पळायला लागले. मी स्वतःला हरीण समजत होते. त्या वेळचा शाळेतला एक फोटो माझ्याकडे आहे, त्यात मला बगळा दिसतो: गुडघे पुढे, मान त्याच्याही पुढे, अक्कल बरीच मागे राहिलेली. माझी शर्यत चारशे मीटरची, म्हणजे मैदानाला पुरती एक चक्कर. शिट्टी झाली की मी शेपटीला फटाके बांधल्यासारखी सुटायची. निम्म्या चकरेपर्यंत सगळ्या माझ्या मागे. मग शेवटचं वळण यायचं आणि मांड्यांमध्ये कोणीतरी भिजवलेली कणीक भरून ठेवायचं. हात हलायचे, तोंड हलायचं, फक्त मी हलायची नाही. एकेक पोरगी शेजारून अशी जायची जशी बस थांब्यावरच्या माणसाला सोडून जाते. दर वेळी घरी येऊन मी कारण सांगायची. एकदा कॅनव्हासच्या बुटांवर संशय घेतला, एकदा चुन्याच्या रेघांवर, एकदा आईनं डब्यात दिलेल्या वांग्याच्या भाजीवर. आई म्हणाली, "वांगं सगळ्यांनीच खाल्लं. तुह्या बाबाले तर काही नाही झालं." पण बाबा चारशे मीटर पळत नव्हते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

आम्हाला शिकवायला चंद्राकर सर होते. गळ्यात शिट्टी, हातात ऊन असो नसो काळी छत्री. एक दिवस त्यांनी मला मैदानाच्या कडेला बसवलं आणि छत्रीच्या टोकानं मातीत लांबट गोल काढला. "देख कुंदा, चार सौ कोई पूरे दम से नहीं दौड़ सकता. भगवान भी नहीं. शुरू में तेज निकलो, ठीक है. पीछे वाली सीधी आई कि कंधे छोड़ दो, मुट्ठी ढीली, बस बहो. चाल मत तोड़ो, जोर मत लगाओ. आखिरी मोड़ से काम चालू करो." मी विचारलं, तोवर बाकीच्या पुढे निघून गेल्या तर? सर म्हणाले, "जाने दो. आखिरी सौ में कोई तेज नहीं होता बेटा. बस, कोई कम मरता है."

आज मला हे वाक्य सोन्याचं वाटतं. त्या दिवशी मला त्यात खोट दिसली. पळायला शिकवणारा माणूस जोर लावू नको म्हणतो, म्हणजे काहीतरी आहे. रात्री ताटावर मी ते जसंच्या तसं सांगितलं. गोळाभात होता, वर हिंग-मोहरीची फोडणी, आणि कोणाचंही लक्ष दुसरीकडे जाण्याचं कारण नव्हतं, तरी सगळे थांबले.

"मास्तर सावकाश पळ म्हणते?" आजी म्हणाली. "पळाले शिकवते का हराले शिकवते?"

बाबांनी गोळा फोडता फोडता विचारलं, "तुह्यासोबत ते दुसरी पोट्टी पळते न चांगली. तिचं नाव काय?"

"रेखा."

"रेखा काय?"

"रेखा चंद्राकर."

बाबांनी हात ताटात ठेवला आणि आजीकडे पाहिलं. आजीनं आईकडे पाहिलं. आईनं तेलाची वाटी उगाच इकडची तिकडे केली. "हं," बाबा म्हणाले. त्या एका हुंकारात सगळी चौकशी, साक्षीपुरावे आणि निकाल आला. आमच्या गावात भर बाजारात 'चंद्राकरजी' म्हणून हाक मारली तर भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत निम्मा बाजार वळून पाहील, हे आम्हा चौघांपैकी कोणालाही सुचलं नाही. रेखा सरांची पुतणी ठरली. हात धुईपर्यंत ती सख्खी पुतणी झाली होती.

यात गंमत नव्हती, कारण माझं सगळं त्या एका शर्यतीवर टांगलेलं होतं. बाबांनी स्वच्छ सांगितलं होतं: विभागाच्या स्पर्धेत पहिल्या दोघींत आलीस तर राज्याच्या स्पर्धेला भोपाळला जा, पळ, कॉलेजातही पळ. नाही आलीस तर बूट माळ्यावर. दिवाळीनंतर अकोल्याचे लोक पाहायला येणार होते. मुलगा बँकेत होता आणि त्याच्या आईनं फक्त एकच चौकशी केली होती, पोरगी उन्हात फार फिरते काय. मी ठरवलं, सर जे सांगतील त्याच्या नेमकं उलट करायचं.

स्पर्धेच्या थोडे दिवस आधी तीजा, म्हणजे इकडची हरतालिका, आली, आणि तीजेला दुर्गहून विमलआत्या आली. आमच्या लोकांत हरतालिका सासरीच करतात. पण इकडच्या शेजारणी तीजेला माहेरी जातात हे पाहून आत्यानं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूला सांगितलं होतं, की ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावचा रिवाज मोडला तर देवी कोपते. सासू घाबरली. तेव्हापासून आत्या दर भाद्रपदात पेटी आणि स्वतःची उशी घेऊन आमच्या दारात उतरायची. शेजारणींकडूनच आमच्याकडे निर्जळी उपास आला आणि आदल्या रात्रीचा करू भातही आला, म्हणजे कारल्याची भाजी आणि भात. तोंड आधीच कडू करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी तहान लागत नाही, असं म्हणतात. मी आयुष्यभर कारलं खाल्लं आहे. तहान लागते.

आता आत्याबद्दलचा घरचा संशय सांगते. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, बाहेर भादव्याचं चिकट ऊन, आणि संध्याकाळच्या पूजेपर्यंत आई भिंतीला टेकलेली, शेजारची काकू आडवी, पोरी मुकाट झालेल्या. आत्या मात्र ठणठणीत. आरती तिच्याच गळ्यातून निघायची. आई पोळ्या लाटताना पुटपुटायची, "वन्सं पाणी पितात. कुठी पितात ते मले समजत नाही, पण पितात." त्या वर्षी मी मनाशी ठरवलं, आत्याला पकडायचं. मला बिनपुराव्याचा संशय म्हणजे मीठ नसलेली भाजी वाटायची. मी बाबांची मुलगी होते.

माझाही उपास होता, चांगला नवरा मिळावा म्हणून. तो नवरा अकोल्याचा नसावा, एवढी माझी देवीला पुरवणी होती. पहाटे उठल्याबरोबर मी उपासाला भिडले. बूढ़ापाऱ्यातल्या मैत्रिणीकडून पत्री आणायला तलावाच्या कडेनं पळत गेले, पळत आले. फुगडीत कोणाला हरू दिलं नाही. झिम्मा, गाणी, आरडाओरडा. आत्यानंही सकाळची कामं भरभर उरकली, पूजेसाठी खारून नदीच्या वाळूची पाटी उन्हं चढायच्या आत चाळून ठेवली. पण ऊन अंगणात उतरलं आणि ती मागच्या दारात, जिथं वाऱ्याची झुळूक यायची तिथं, पाटावर बसली ती बसलीच. मांडीवर फुलं, हातात सुई-दोरा. पोरी हात धरून ओढायला लागल्या तर म्हणाली, "तुम्ही खेळा, मी टाळ्या वाजवते." टाळ्याही कशा, आवाज येईल एवढ्याच. तोंड मिटलेलं. कोणी काही विचारलं तर मान हलवायची. सावली सरकली की पाट सरकायचा. मी तिच्यावरून नजर हलू दिली नाही. ती काहीच करत नव्हती, आणि मला तेच फार संशयास्पद वाटत होतं.

दुपारी माझी जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे काजवे नाचायला लागले. तेव्हा मी हुशारी केली. फिरत पहारा देण्यापेक्षा पाण्यापाशीच जाऊन बसावं. स्वयंपाकघरात माठाजवळ फरशीवर मी आडवी झाले, गाल त्या ओल्या गारव्याला लावून. पाणी प्यायला आत्याला माझ्या अंगावरून जावं लागलं असतं. थोड्या वेळानं ती दारातून डोकावली. खांद्यावर पंचा होता. "पूजेले सोवळं पाहिजे, आंघोळ करून येते," म्हणाली. माझ्याकडे, मग माठाकडे पाहिलं, आणि गेली. बऱ्याच वेळानं आली, ओल्या केसांची, आणि पुन्हा पाटावर बसली. मी माठ सोडला नाही. माझ्या पहाऱ्यात माठातलं पाणी तसूभर हललं नाही, याचा मला अभिमान होता.

संध्याकाळी वाळूची पिंड मांडायला आत्या उठली आणि सगळ्यांना उठवत फिरली. माझ्याजवळ येऊन वाकली. "काहून व कुंदे, दिवसभर मांजरीवानी माझ्या मागं फिरून राहिली. सापडलं काही?"

मी चिडून विचारलं, "तुले तहान नाही लागली काय व आत्या?"

"लागली न. सगळ्यांलेच लागते. पण तू सकाळपासून किती नाचली ते पाह्य. उपास काय सकाळीच जिंकाचा असते?" तिनं माझ्या हाताला धरून मला बसतं केलं. "संध्याकाळी कोणीच ताजं नसते, पोट्टे. मी जरा कमी सुकते, एवढंच."

मी तिच्याकडे पाहत राहिले. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. छत्रीचं टोक, मातीतला गोल, कोई कम मरता है. शहाण्या मुलीच्या डोक्यात यानंतर लख्ख प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा, की ही चंद्राकर सरांना कुठं भेटली?

पण रात्रभर ते वाक्य कुरतडत राहिलं. दुसऱ्या दिवशी पारण्याला मोदक खाताना, शेजारून आलेली बेसनाची ठेठरी चावताना तेच. सरांवर संशय घ्यायला माझ्याकडे आडनाव होतं. आत्याला मला हरवून काय मिळणार होतं? फार तर अकोल्याच्या लग्नात एक पैठणी, आणि आत्याला पैठणी आवडत नसे.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर ताज्या चुन्याच्या रेघा होत्या, गवत ओलं होतं, आणि कुंपणाशी सायकल धरून बाबा उभे होते. घरी कचेरीत जातो म्हणून निघाले होते. माझ्या वाट्याला आतून दुसरी पट्टी आली. सगळ्यात आतल्या पट्टीवर, माझ्या मागे, जगदलपूरकडची लाल रिबिनीची एक मुलगी होती, तिच्याकडे मी नीट पाहिलंही नाही. रेखा बाहेरच्या पट्टीत, आणि बाहेरच्यांना वळण मोठं पडतं म्हणून तिला बरंच पुढे उभं केलेलं. चारशेची शर्यत अशीच सुटते. हे मला माहीत होतं. बाबांना नव्हतं.

"थांबा! थांबा!" सायकल गवतात पडली. बाबा शर्टाची बाही सावरत आत आले. "ते पोट्टी इतकी समोर काहून उभी आहे? माझ्या पोरीले मागं काहून ठेवलं?"

शिट्टीवाले पंच गोंधळले. "भाई साहब, बाहर का चक्कर बड़ा होता है."

"कागज पे दिखाइए."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग चंद्राकर सर छत्री घेऊन आले, बाबांना नमस्कार केला आणि म्हणाले, चला, चालून पाहू. बाबांना बाहेरच्या रेघेवर उभं केलं, स्वतः आतल्या रेघेवर, आणि एकाच ओळीतून दोघं वळण चालून आले. सर आधी पोचले. बाबा वळणावरच होते. सगळ्या मुली खदखदल्या. बाबांनी घाम पुसला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आप चलते तेज हैं." पण कुंपणाशी परत गेले.

मग आम्ही सुटलो. मी जोरात निघाले, सर म्हणाले होते तसं. मागची सरळ पट्टी आली आणि मी खांदे सोडले. तेवढ्यात उजवीकडे पुढे रेखा दिसली, हात चाकासारखे, वेणी सपाट, तीरासारखी चाललेली. तिच्या-माझ्यातलं अंतर वाढत होतं. त्या क्षणी सगळं घर माझ्या डोक्यात ओरडलं. फसवलं! काकानं पुतणीला पळ म्हटलं आणि तुला नुसतं बहो म्हटलं! पायांना सुटायचं होतं. मूठ आवळली गेली. आणि मला पाटावर बसलेली आत्या दिसली, मांडीवर फुलं, तोंड मिटलेलं, पोरी ओढताहेत आणि ती उठत नाही. मी तोंड मिटलं. मूठ उघडली. मला अजूनही ठाऊक नाही, तो माझा विश्वास होता की भीती. पण मी त्या पट्टीवर पाटावर बसल्यासारखी पळाले.

वळणावर काम सुरू केलं. वळण संपलं तेव्हा रेखा जवळ दिसली. मी काही वेगानं गेले नव्हते. तिचे खांदे कानांना लागले होते, मान मागे पडली होती, पाय खाली येताना थपथप वाजत होते. मी ते पाय ओळखले, ते माझेच होते, मागच्या सगळ्या शर्यतींतले. माझ्याही मांड्यांत कणीक भरू लागली होती, पण उशिरा, आणि थोडी कमी. रेखाला मी दोरीच्या जरा अलीकडे मागे टाकलं. पहिली मात्र मी आले नाही. जिच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं, ती लाल रिबिनीची मुलगी आतून शांतपणे निघून गेली होती. तिला बहुतेक कोणाचाच संशय नव्हता. मी दुसरी, रेखा तिसरी. कुंपणाशी बाबा पंचांना सांगत होते, "वो अंदर से आई है, उसको कम दौड़ना पड़ा." सरांनी छत्री उघडून तोंड लपवलं.

रेखा गवतात बसून बुटाची नाडी ओढत होती. मी शेजारी बसले. ती वर न बघता म्हणाली, "तेरे को भी सर धीरे बहने बोले थे?"

"हव."

"मेरे को भी. घर में सब बोले, सर का मराठी लोगों में बहुत उठना-बैठना है, तेरे को ही आगे निकालेंगे. तो मैं उल्टा करी."

मी विचारलं, "सर तेरे चाचा हैं न?"

"कौन? सर?" तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सर तो धमतरी तरफ के हैं. हम लोग महासमुंद के. मेरे को तो नाम से भी नहीं जानते थे." ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. आम्हा दोघींच्या घरी रात्री ताटावर एकच सभा भरली होती, आणि माझ्या घरी फक्त एक आत्या जास्त होती. त्या हिवाळ्यात रेखाचं लग्न झालं. भोपाळला मी गेले, तिथं कितवी आले ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अकोल्याचे लोक मात्र आले नाहीत, आणि पुढची काही वर्षं माझे बूट माळ्यावर चढले नाहीत.

मग माझंही लग्न झालं. एका तीजेला मी आणि आत्या दोघी तात्यापाऱ्याच्या घरी होतो. ती म्हातारी झाली होती, दुपारची आंघोळ करून अंगणात केस वाळवत होती. मी म्हटलं, आत्या, तुह्या त्या उपासानं मला भोपाळ दाखवलं. ती केस झटकत म्हणाली, "आंघोळीले इतका वेळ लागते काय व कोणाले?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. तू तर माठ राखून होती न."

मी अंगणातच उभी राहिले. मग विचारलं, सरळ विचारलं, फिरवून विचारलं, देवीची शपथ घातली. ती हसत केस विंचरत राहिली. प्यायली असेल. नसेलही. मला छळायचं म्हणून बोलली असेल, ते तिच्यात होतं. माझी सगळी धाव एका चोरलेल्या लोट्यावर उभी होती की नव्हती, हे ती सोबत घेऊन गेली. सरांचं म्हणणं त्यानं खोटं होत नाही, हे मला कळतं. पण अजून कधी कधी भांडी घासताना मनात येतं, न्हाणीत बादली होती, बादलीत लोटा होता, आणि मी गधडी माठाला मिठी मारून पडले होते.

आता आम्ही चौबे कॉलोनीत राहतो. नात ईशू चारशे मीटर पळते. तिच्या मनगटावरचं घड्याळ तिला सांगतं, की तुझं काळीज किती धडधडतंय. ईशूला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. ह्या तीजेला तिची स्पर्धा तोंडावर होती. मी म्हटलं, मागच्या सरळ पट्टीवर खांदे सोड, पुढच्या गेल्या तर जाऊ दे. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं बाबा सही असलेल्या कागदाकडे पाहायचे.

"आजी, आप शाम तक इतनी फ्रेश कैसे रहती हो? मम्मी बोलती है आप पानी पीती हो."

"तुझी मम्मी सकाळी फार नाचते."

दुपारी बघते तर तिनं स्वयंपाकघरात खुर्ची ओढून फ्रिजच्या दाराला लावली होती आणि तिच्यावर मांडी घालून बसली होती. हाताची घडी, डोळे माझ्यावर. पोरगी आमच्याच घरची.

मी खांद्यावर टॉवेल टाकला. "पूजेला सोवळं लागतं, ईशू," म्हटलं, आणि न्हाणीचं दार आतून लावून घेतलं.